कप्तानाचा राग

दुकानांतील माल बिघडला म्हणजे गिऱ्हाईक दुसरी पेढी पाहतें; वैद्याचा गुण येईनासा झाला म्हणजे रोगी दुसरा वैद्य शोधतो. परंतु आपल्या आवडीचा संघ हरूं लागला म्हणून त्याचा खरा पाठीराखा दुसरा संघ शोधीत नाहीं. तो पुढच्या आठवड्यास त्याच मैदानावर, त्याच बाकावर येऊन बसतो, आणि जातां-येतां शेजाऱ्याशीं भांडतो. जेथें सोडून जाण्याची मोकळीक मनालाच नसते, तेथें भांडणाला धार चढते. घरांतील भांडणें बाजारांतील भांडणांपेक्षां कडू होतात, तीं याच कारणानें.

इंग्लंडमधील आर्सेनल या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांत सन २०१९ सालीं असेंच एक भांडण माजलें. वरवर पाहतां तें एका खेळाडूच्या वर्तनाविषयीं होतें. परंतु नायकानें भावनेला किती वाव द्यावा, आणि ज्यांच्यासाठीं तो खेळतो त्यांनीं त्याच्याशीं कसें वागावें, हा त्याच्या पोटांतील प्रश्न होता. तो फुटबॉलपुरता नाहीं. म्हणूनच ज्यांनीं तो खेळ कधीं पाहिला नाहीं अशा श्रोत्यांनींही ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

रविवार, ता. २७ ऑक्टोबर २०१९. लंडनच्या उत्तर भागांतील एमिरेट्स हें क्रीडांगण. सुमारें साठ हजार माणसें मावतील एवढें मोठें. आर्सेनलचा सामना त्याच शहरांतील क्रिस्टल पॅलेस या संघाशीं होता. पहिल्या नऊ मिनिटांतच आर्सेनलनें दोन गोल केले आणि प्रेक्षकांस वाटलें कीं, आज सुखाची दुपार आहे. पण ती आघाडी हळूहळू गळूं लागली. मध्यंतरापूर्वीं एक गोल फिटला, आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळांत दुसराही फिटला. दोन-दोन अशी बरोबरी झाली. एकसष्टाव्या मिनिटास प्रशिक्षक उनाई एमेरी यांनीं आपला कप्तान ग्रानित झाका यास बाहेर बोलाविलें आणि त्याच्या जागीं बुकायो साका या अठरा वर्षांच्या मुलास पाठविण्याचें ठरविलें.

कप्तान बाहेर जाणार हें दिसतांच प्रेक्षकांपैकीं पुष्कळांनीं आनंदाचा गजर केला. आपल्याच माणसांनीं, आपल्याच अंगणांत, आपल्या जाण्याचा केलेला हा उत्सव ऐकून झाका सावकाश चालूं लागला. तेव्हां गजराचें रूपांतर धिक्काराच्या आरोळ्यांत झालें. त्यानें दोन्ही हात वर करून ‘ओरडा, आणखी ओरडा’ अशी खूण केली. मग कानामागें हात धरला. ओंठांतून अपशब्द निघाले. आणि राखीव खेळाडूंच्या बाकाकडे न वळतां, अंगांतील संघाचा सदरा काढून तो सरळ आंत निघून गेला. आर्सेनलनें पुढें तिसरा गोल केला, तोही पंचांनीं रद्द ठरविला. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तसें झालें. सामना बरोबरीनें संपला. परंतु घरीं परततांना गोलांविषयीं कोणी बोलत नव्हतें. जो-तो त्या सदऱ्याविषयीं बोलत होता.

हें बोलणें कां एवढें तापलें, हें समजण्यास त्या संघाचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. सन १८८६ सालीं लंडनच्या वूलिच भागांतील सरकारी तोफखान्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं हा संघ काढला. आर्सेनल हें नांव त्या शस्त्रागारावरूनच पडलें. पुढें आर्सेन वेंगर या फ्रेंच प्रशिक्षकाच्या हाताखालीं, सन २००३-०४ च्या हंगामांत, या संघानें लीगचे अडतीस सामने एकही न हरतां पुरे केले. सव्वीस जिंकले, बारा बरोबरीनें सुटले. सलग वीस हंगाम हा संघ पहिल्या चौघांत राहिला. मग उतार लागला. सन २०१८ सालीं वेंगर निवृत्त झाले, आणि घर फिरलें कीं वासेही फिरतात या न्यायानें एकेक गोष्ट बिघडत गेली.

त्यांतही कप्तानांची कथा पाठीराख्यांच्या विशेष जिव्हारीं लागलेली होती. सन २००५ मध्यें पॅट्रिक व्हिएरा इटलींत गेला. सन २००७ मध्यें तिएरी आंरी बार्सेलोनास गेला. सन २०११ मध्यें सेस्क फाब्रेगास त्याच वाटेनें गेला. सन २०१२ मध्यें तर रॉबिन व्हान पर्सी हा प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेड संघालाच जाऊन मिळाला. सन २०१९ च्या उन्हाळ्यांत कप्तान लोराँ कोसिएल्नी यानें संघाबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर जाण्याचें नाकारलें आणि तो फ्रान्सला निघून गेला. ज्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी बांधावी त्यानेंच उद्यां घर सोडावें, असें पुन्हां पुन्हां घडलें होतें. अशा मनःस्थितींत पाठीराख्यांसमोर झाका कप्तान म्हणून उभा राहिला.

त्याला कप्तान कोणी केलें? त्या हंगामाच्या आरंभीं एमेरी यांनीं खेळाडूंचें मत घेतलें होतें, आणि सहकाऱ्यांची पसंती झाकाला मिळाली होती. शाळेंत वर्गनायक दोन रीतींनीं होतो : एक गुरुजींनीं नेमलेला, दुसरा मुलांनीं निवडलेला. झाका हा दुसऱ्या प्रकारचा होता. परंतु वर्गाच्या खिडकींतून पाहणाऱ्या पालकांचें मत कोणी विचारलें नव्हतें, आणि तें मत प्रतिकूल होतें. सप्टेंबर महिन्यांत ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यांत तो बाहेर निघाला तेव्हांही त्याची अशीच हेटाळणी झाली होती. ऑक्टोबरांतील ठिणगी कोरड्या गवतावर पडली ती अशी.

आतां पाठीराख्यांत जे पक्ष पडले, त्यांचें म्हणणें पाहूं. पहिला पक्ष म्हणे, दंडावरची पट्टी हा दागिना नव्हे, ती जबाबदारी आहे. खेळाडू येतात आणि जातात. बाकांवर बसणारीं घराणीं मात्र तींच राहतात. बाप मुलाला घेऊन येतो, तो मुलगा पुढें आपल्या मुलाला आणतो. त्या लोकांस अपशब्द बोलणारा कप्तान म्हणजे यजमानाच्या ओसरीवर उभा राहून यजमानालाच शिव्या देणारा पाहुणा. लोकांचा राग गिळणें हेंच तर नायकाचें काम. तें ज्याला साधत नाहीं त्यानें पुढारीपण घेऊं नये.

दुसरा पक्ष म्हणे, वर्षानुवर्षें तुम्हीच तक्रार करीत होतां कीं, या खेळाडूंस पराभवाचें दुःख नाहीं. पगार घेतात आणि हसत घरीं जातात. आतां ज्याला दुःख झालें असा एक निघाला, तर त्याचें दुःख तुम्हांस सोसवत नाहीं. शिवाय सामना अजून चालू होता, बरोबरींत होता. बाहेर जाणाऱ्या कप्तानाची ही गत पाहून आंत येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलानें काय शिकावें? आज गोल केला तर खांद्यावर, उद्यां चुकलों तर पायाखालीं, एवढेंच ना?

तिसराही एक लहान पक्ष होता, त्याचा आवाज गलक्यांत फारसा ऐकूं आला नाहीं. तो म्हणे, राग आणि लोभ हें सारें बाजूला ठेवा. हा मनुष्य पायांनीं चपळ नाहीं. लांब आणि नेमका चेंडू देणें हा त्याचा गुण. त्याला बचावापुढच्या मोकळ्या जागेंत एकट्यानें धावायला लावलें तर त्याच्या चुका होणारच, आणि तेथें झालेली चूक साठ हजार माणसांस दिसते. दोष स्वभावांत शोधण्याआधीं रचनेंत शोधा.

या वादाचा निवाडा करण्यापूर्वीं फुटबॉलचा कप्तान करतो तरी काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. क्रिकेटच्या कप्तानाशीं त्याची तुलना करून चालणार नाहीं. क्रिकेटांत गोलंदाज कोणता लावावा, क्षेत्ररक्षक कोठें ठेवावे, डाव केव्हां सोडावा, हे निर्णय कप्तान मैदानावर घेतो. फुटबॉलमध्यें रचना आणि अदलाबदल हीं कामें कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचीं. कप्तानाकडे नाणेफेकीस जाणें आणि पंचांशीं संघाच्या वतीनें बोलणें एवढेंच उरतें. अर्थात् डावपेचांची सत्ता त्याच्या हातीं जवळजवळ नाहीं. आहे ती मनांची. दहा माणसांचें अवसान खचूं न देणें, हाच त्याचा खरा अधिकार आणि हेंच त्याचें ओझें. म्हणूनच फुटबॉलच्या कप्तानाविषयीं बोलणें निघालें कीं तें त्याच्या भावनांवर येऊन ठेपतें.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनीं नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत : धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत. क्षमाशील, गंभीर, आत्मस्तुति न करणारा तो धीरोदात्त. तापट, मानी, चटकन् पेटणारा तो धीरोद्धत. पहिल्या पक्षाला धीरोदात्त नायक हवा होता आणि वाट्याला धीरोद्धत आला, असें म्हणतां येईल. परंतु या चारही नांवांच्या आरंभीं ‘धीर’ हा एकच शब्द आहे, हें विसरतां कामा नये. शास्त्रकारांनीं तापट माणसाला नायकपदावरून काढलें नाहीं. मात्र धीर सुटलेल्या माणसाला त्यांनीं चारांपैकीं एकाही घरांत जागा ठेवली नाहीं. राग असणें आणि धीर सुटणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्या दुपारीं झाकाला राग आला हा दोष नव्हे. त्याचा धीर सुटला, हा दोष.

आर्सेनलच्याच इतिहासांत याचे दोन दाखले आहेत. ता. २३ फेब्रुवारी २००८ रोजीं बर्मिंगहॅम येथील सामन्यांत एदुआर्दो या खेळाडूचा पाय आरंभींच मोडला. तरीही आर्सेनलनें आघाडी घेतली. पण अगदीं शेवटच्या क्षणीं प्रतिस्पर्ध्यांस पेनल्टी मिळाली आणि सामना बरोबरींत गेला. त्या वेळचा कप्तान विल्यम गालास पेनल्टीच्या वेळीं सहकाऱ्यांपासून दूर मैदानाच्या दुसऱ्या टोकाशीं गेला, आणि सामना संपल्यावर तेथेंच बसून राहिला. त्याचें दुःख खरें होतें, यांत शंका नाहीं. परंतु दहा जण ज्याच्याकडे पाहत होते तोच खालीं बसला. तोपर्यंत लीगमध्यें अग्रभागीं असलेला संघ अखेर तिसरा आला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गालासचें कप्तानपद गेलें. एका सामन्यानें हंगाम बुडाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण बसलेल्या कप्तानाचें तें चित्र पाठीराख्यांच्या मनांतून पुसलें नाहीं.

दुसरा दाखला टोनी ॲडम्सचा. सन १९८८ मध्यें वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो कप्तान झाला आणि सन २००२ मध्यें निवृत्त होईपर्यंत कप्तान राहिला. चार वेळां लीगचें विजेतेपद त्याच्या कारकीर्दींत आलें. प्रतिस्पर्धी प्रेक्षक त्याला गाढव म्हणून चिडवीत. दारू पिऊन मोटार चालविल्याबद्दल सन १९९० मध्यें त्याला तुरुंगवास झाला. सन १९९६ मध्यें त्यानें आपलें व्यसन जाहीरपणें कबूल केलें आणि तो त्यांतून बाहेर पडला. आज त्याचा पुतळा क्रीडांगणाबाहेर उभा आहे. तुरुंगांतून आलेल्या कप्तानाला ज्या लोकांनीं परत आपलें म्हटलें, तेच लोक ऑक्टोबर २०१९ मध्यें क्षमेला इतके महाग कां झाले? ॲडम्सचा संघ जिंकत होता, हें त्याचें सरळ आणि थोडें लाजिरवाणें उत्तर आहे. यशाच्या दिवसांत ज्याला आपण तेज म्हणतों, त्यालाच अपयशाच्या दिवसांत उर्मटपणा म्हणतों.

आतां झाकाची बाजू. चार दिवसांनीं, ता. ३१ ऑक्टोबरला, त्यानें निवेदन प्रसिद्ध केलें. आपल्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त करून त्यानें सांगितलें कीं, कित्येक आठवडे आपणांस शिवीगाळ होत होती. पाय मोडण्याच्या, पत्नीला मारण्याच्या धमक्या येत होत्या. तान्ह्या मुलीला दुर्धर रोग व्हावा असेही शाप लिहून येत होते. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. बाकावर बसून ओरडणाऱ्या सामान्य प्रेक्षकानें हे शाप लिहिले नव्हते, हें खरें. परंतु झाकाच्या कानावर जो आवाज पडला, त्यांत सभ्य आवाज कोणता आणि विषारी कोणता हें निवडून काढण्याची सवड त्याला नव्हती. गर्दीचा हा धर्मच आहे : तींत प्रत्येकाचा राग थोडा असतो, पण ज्याच्यावर तो पडतो त्याला सगळ्यांचा मिळून एकच लागतो.

शिवाय हा मनुष्य कोणत्या घरांतून आला होता? त्याचे आईबाप कोसोव्हो प्रांतांतील अल्बानियन. युगोस्लाव सरकारविरुद्ध निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल बापानें विद्यार्थिदशेंत साडेतीन वर्षें तुरुंग भोगला; नंतर तें कुटुंब स्वित्झर्लंडला आलें आणि सन १९९२ मध्यें बाझेल येथें ग्रानित जन्मला. अशा घरांत मान खालीं घालण्याचें शिक्षण मिळत नाहीं. यानें त्याचें वर्तन योग्य ठरत नाहीं. पण माणूस समजतो.

ता. ५ नोव्हेंबरला एमेरी यांनीं कप्तानपद झाकाकडून काढून पिएर-एमेरिक ओबामेयांग याच्याकडे दिलें. पहिल्या पक्षाची मागणी पुरी झाली. संघ सुधारला का? नाहीं. सारे सामने धरून सलग सात सामन्यांत विजय मिळाला नाहीं, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस खुद्द एमेरींनाच जावें लागलें. हंगामाअखेर आर्सेनल आठव्या स्थानीं राहिला. पट्टी एका दंडावरून दुसऱ्या दंडावर गेल्यानें बचावापुढची मोकळी जागा भरून निघाली नव्हती.

डिसेंबर २०१९ मध्यें मिकेल आर्तेता हे प्रशिक्षक आले. ते स्वतः याच संघाचे जुने कप्तान. झाका तेव्हां जर्मनींतील हर्था बर्लिन संघाकडे जाण्याच्या बेतांत होता; सामान बांधून झालें होतें, असें त्यानेंच पुढें सांगितलें. आर्तेतांनीं त्याला समोर बसवून राहण्यास राजी केलें. त्यांनीं त्याला पट्टी परत दिली नाहीं, काम दिलें. इतक्यावर तो एकदम शांत झाला असें मात्र कोणी समजूं नये. डिसेंबर २०२० मध्यें बर्न्लीविरुद्धच्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याच्या गळ्याला हात घातल्याबद्दल पंचांनीं त्याला बाहेर काढलें, आणि तो सामना आर्सेनल हरला. स्वभावाला औषध नाहीं, हें म्हणणारे त्या दिवशीं खरे ठरले. इकडे नवा कप्तान ओबामेयांग याचेंही पद शिस्तभंगामुळें डिसेंबर २०२१ मध्यें गेलें.

सन २०२२-२३ च्या हंगामांत पट्टी मार्टिन ओडेगॉर या शांत, मितभाषी तरुणाकडे होती. आर्तेतांनीं झाकाला मागची राखण सोडवून डाव्या बाजूनें पुढें, गोलाच्या जवळ खेळविलें. त्यानें त्या हंगामांत लीगमध्यें सात गोल केले. तिसऱ्या, न ऐकलेल्या पक्षाचें म्हणणें असें तीन वर्षांनीं खरें ठरलें. माणूस तोच, राग तोच. पण योग्य जागीं ठेवल्यावर त्याच रागाची ऊब संघाला मिळूं लागली. चुलींतला विस्तव आणि छपरावरचा विस्तव हे काय दोन निराळे विस्तव असतात?

तरीही वाद संपला नाहीं. ता. ९ एप्रिल २०२३ रोजीं लिव्हरपूलच्या मैदानावर आर्सेनल दोन गोलांनीं पुढें असतांना झाकाची एका प्रतिस्पर्ध्याशीं झटापट झाली. शांत बसलेले तेथील प्रेक्षक त्यामुळें जागे झाले, लगेच त्यांच्या संघानें एक गोल केला, आणि अखेर सामना दोन-दोन असा सुटला. कित्येक पाठीराख्यांनीं म्हटलें, झाकानेंच झोपलेला वाघ उठविला. गोल एका झटापटीनें होत नाहीं, बचाव चुकल्यानें होतो, असें इतरांनीं उत्तर दिलें. त्या हंगामांत आर्सेनलला अखेर दुसरें स्थान मिळालें.

ता. २८ मे २०२३. तेंच एमिरेट्स, हंगामाचा शेवटचा सामना. झाका संघ सोडून जाणार अशी वार्ता होती. पहिल्या चौदा मिनिटांत त्यानें दोन गोल केले. तेव्हां त्याच बाकांवरून, जाऊं नको, राहा, अशी विनवणी गाण्यांतून उठली. आणि तो मैदान सोडूं लागला तेव्हां लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. तीच बाहेर जाण्याची वाट, तोच माणूस. पुढें जर्मनींतील बायर लेव्हरकुसेन संघांतून, कप्तानपद गोलरक्षक लुकास ह्राडेकीकडे असतां, तो सन २०२३-२४ च्या लीगमध्यें एकही सामना न हरलेल्या विजेत्यांचा आधारस्तंभ झाला. आणि सन २०२५ मध्यें इंग्लंडमध्यें परतून सन्डरलँड संघाचा कप्तान झाला.

या सर्वांवरून निवाडा एका पक्षाच्या बाजूनें देतां येत नाहीं. नायकानें आपला राग लोकांवर काढूं नये, हें पहिल्या पक्षाचें म्हणणें खरेंच आहे. परंतु लोकांनींही आपला राग एका माणसावर काढून मोकळें होऊं नये, हें त्याइतकेंच खरें आहे. संघ बुडत असतांना एखाद्याचा स्वभाव पुढें करून भांडणें सोपें असतें, आणि नाव कोठें गळते आहे हें वांकून पाहणें कष्टाचें असतें. धीर ही केवळ कप्तानाकडून मागण्याची वस्तु नव्हे. साठ हजार माणसें बाकांवर बसतात, त्यांच्या दंडावर पट्टी नसते. पण मैदानावरच्या अकरा जणांना उचलणें किंवा बसविणें त्यांच्याही हातीं असतें. ज्या घरांत, शाळेंत किंवा संस्थेंत वाईट दिवस आले असतील, तेथील माणसांनीं एवढें मनांत बाळगलें, तर त्या दुपारच्या गलक्यांतून कांहींतरी उपयोगाचें शिकल्यासारखें होईल.